खायला काहीच नसताना बॅक्टेरिया वर्षानुवर्षं तग कसा धरतात? (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये रोजचं काम असल्यामुळे हे प्रश्न मला सारखे विचारले जातात, कधी नवीन आलेली मुलं विचारतात कधी घरची माणसं, म्हटलं एकदा सगळं एका जागी लिहून ठेवावं. काही उत्तरं लांबलीत कारण तो भाग मला मनापासून आवडतो.

अन्न मिळालं नाही की बॅक्टेरिया मरून जात नाहीत का?

बरेचसे मरतात, हो. पण सगळे नाही, आणि सगळी गंमत त्या उरलेल्यांमध्येच आहे. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा बॅक्टेरिया ब्रॉथमध्ये, म्हणजे पोषक द्रवात, वाढवला तर चांगल्या परिस्थितीत तो साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, एका दिवसात एका मिलिलिटरमध्ये १०० कोटींच्या आसपास सेल्स होतात, मग अन्न संपतं आणि वाढ थांबते, पुढे दोन-तीन दिवसांनी मोठी पडझड सुरू होते आणि त्यातल्या ९० ते ९९ टक्के सेल्स मरतात. पुस्तकातला ग्राफ बहुतेक वेळा इथेच संपतो त्यामुळे मुलांना वाटतं की नंतर सगळं शून्य होतं. तसं होत नाही. उरलेल्या एक टक्क्यात अजूनही लाखो सेल्स असतात, आणि वरून काहीही न घालता तोच फ्लास्क महिनोन्महिने, अगदी वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतो.

हे मी स्वतः पाहिलंय. एक फ्लास्क शेल्फच्या मागच्या बाजूला चार महिने राहून गेला होता, वरचा ब्रॉथ बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता आणि तळाला पांढरट गाळ बसला होता, टाकून देण्याआधी सहज लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, त्यातलं थोडं अन्नाच्या जेलीच्या प्लेटवर ओढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर कॉलन्या, म्हणजे एकेका सेलपासून वाढलेले ठिपके. त्या दिवसापासून "जुनं आहे म्हणजे मेलं असेल" हे वाक्य मी लॅबमध्ये कुणाला बोलू देत नाही.

पण उपासमार ही त्यांच्यासाठी इतकी वेगळी परिस्थिती आहे का?

नाही, उलट तीच नेहमीची परिस्थिती आहे. आपण लॅबमध्ये त्यांना पंचपक्वान्न वाढतो म्हणून आपल्याला वाढ नॉर्मल वाटते आणि उपास अपवाद वाटतो. माती, समुद्र, खडकातल्या भेगा, कुठेही बघा, बहुतेक वेळ बहुतेक बॅक्टेरिया अर्धपोटी नाहीतर पूर्ण उपाशी असतात, मधेच कधीतरी एखादं पान कुजतं, एखादा मासा मरतो आणि तेवढ्यापुरती चंगळ होते. तेव्हा उपाशी राहायची तयारी ही त्यांची मूळ सवय आहे असं समजूनच पुढचं सगळं वाचा.

अन्न संपतंय हे त्यांना कळतं कसं? मेंदू तर नाही.

मेंदू नाही, पण रायबोसोम आहे, म्हणजे सेलमधलं प्रोटीन बनवणारं यंत्र. प्रोटीन बनवताना टीआरएनए नावाचा रेणू अमिनो अॅसिड उचलून आणतो आणि रायबोसोमपाशी देतो, आता अमिनो अॅसिडच शिल्लक नसेल तर टीआरएनए रिकाम्या हाताने येऊन उभा राहतो. हे रेलए नावाच्या एन्झाइमच्या लक्षात येतं आणि ते पीपीजीपीपी नावाचा छोटा रेणू भराभर बनवायला लागतं. हाच धोक्याचा सिग्नल. १९६९ मध्ये कॅशेल आणि गॅलंट यांना उपाशी ई. कोलायच्या क्रोमॅटोग्रामवर (सेलमधले रेणू वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर) हा रेणू एक अनपेक्षित ठिपका म्हणून दिसला होता, म्हणून त्याचं नाव पडलं मॅजिक स्पॉट.

हा सिग्नल वाढला की सेल खर्चाला हात आखडता घेते. सगळ्यात मोठा खर्च नवीन रायबोसोम बनवण्याचा असतो, तो आधी बंद, आणि ज्या जीन्स संकटात लागतात त्या चालू. ई. कोलायमध्ये या दुसऱ्या कामाचा मुकादम म्हणजे आरपीओएस नावाचं प्रोटीन, शेकडो जीन्स त्याच्या शब्दावर चालतात.

मग सेलमध्ये प्रत्यक्ष काय बदलतं?

खूप काही, आणि ते फार व्यवस्थित असतं, घर बंद करून लांब गावाला जाताना आपण नळ, गॅस, खिडक्या एकेक करून बघतो ना तसं.

रायबोसोम मोडून टाकण्यापेक्षा बाजूला ठेवले जातात. दोन रायबोसोम एकमेकांना जोडून कुलूप लावल्यासारखे बंद केले जातात, याला रायबोसोम हायबरनेशन म्हणतात, आणि अन्न आलं की ही जोडी सुटते आणि काम लगेच सुरू. डीएनएवर डीपीएस नावाचं प्रोटीन दाटीने बसतं, इतकं की डीएनए आणि प्रोटीन मिळून जवळपास स्फटिकासारखी रचना होते आणि त्याच्या आत डीएनएला सहज इजा होत नाही, शिवाय हे प्रोटीन लोह पकडून ठेवतं त्यामुळे लोहामुळे तयार होणारे घातक रॅडिकल्सही कमी होतात. मेम्ब्रेनमधली, म्हणजे सेलच्या पातळ आवरणातली, फॅटी अॅसिड्ससुद्धा बदलतात.

आणि सेल लहान होते. हे मला सगळ्यात भारी वाटतं. १९७० च्या दशकात नोवित्स्की आणि मोरिटा यांनी एएनटी-३०० नावाचा समुद्रातला व्हिब्रिओ (वाकड्या काडीसारखा बॅक्टेरिया) उपाशी ठेवला तर त्याची संख्या आधी चक्क वाढली, अन्न नाही आणि संख्या वाढतेय, कारण सेल्स वाढत नव्हत्या नुसत्या विभागत होत्या, एकाच्या दोन, दोनाच्या चार, प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक, शेवटी लांबट वाकडे व्हिब्रिओ गोल ठिपके झाले, इतके बारीक की ०.४ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टरमधूनही पार जातील. यात दोन फायदे आहेत. सेल बारीक असली की आतल्या मालाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग जास्त, म्हणजे पाण्यात चुकून असलेला एखादा रेणू पकडायची संधी जास्त, आणि दुसरं म्हणजे एकाऐवजी अनेक सेल्स असल्या तर त्यातली एखादी तरी वाचेल.

अडीअडचणीसाठी काही साठवण असते का?

असते. काही जण ग्लायकोजेन साठवतात, काही पॉलिफॉस्फेट, आणि बरेच जण पीएचबी नावाचं एक प्रकारचं प्लॅस्टिक, हो, प्लॅस्टिकच, जे १९२६ मध्ये लेमॉइन्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने बॅसिलस मेगाटेरियममध्ये दाखवलं होतं. मायक्रोस्कोपखाली सेलच्या आत चमकदार गोळ्या दिसतात त्या याच. पण ही शिदोरी थोड्या दिवसांची असते, वर्षानुवर्षं टिकायचं तर ती पुरत नाही.

स्पोर म्हणजे काय, आणि सगळे बॅक्टेरिया स्पोर बनवतात का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. नाही. एंडोस्पोर बनवणारे मुख्यतः बॅसिलस, क्लॉस्ट्रिडियम आणि त्यांचे भाऊबंद. ई. कोलाय बनवत नाही, स्यूडोमोनास बनवत नाही, टीबीचा जंतू बनवत नाही. आणि तरीही हे सगळे उपाशी टिकतात, ते पुढे येईलच.

आता स्पोर, म्हणजे बॅक्टेरियाने कठीण काळासाठी स्वतःच्या आत बनवलेलं टणक, झोपलेलं रूप (म्हणूनच एंडोस्पोर). बॅसिलस सबटिलिस उपाशी पडला की लगेच स्पोर बनवत नाही कारण ते काम खर्चिक आहे, सात-आठ तास लागतात आणि एका टप्प्यानंतर मागे फिरता येत नाही. त्यामुळे तो शक्य तितका वेळ टाळत राहतो. २००३ मध्ये तर असं दिसलं की ज्या सेल्स स्पोरच्या वाटेला लागल्या आहेत त्या विष सोडून शेजारच्या आपल्याच भावंडांना मारतात आणि त्यांच्यातून बाहेर आलेल्या अन्नावर आणखी थोडा वेळ काढतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण एकदा स्पोर झालं आणि तासाभरात अन्न आलं तर मधल्या वेळात न झोपलेल्या सेल्स पुढे निघून जातील, हा धोका किती मोठा असेल विचार करा.

शेवटी दुसरा मार्गच उरला नाही की सेल मधोमध न विभागता एका टोकाला विभागते, मोठा भाग छोट्या भागाला गिळून आत घेतो आणि मग आई लेकराला कपड्यावर कपडे चढवावेत तसा त्याच्याभोवती थरावर थर चढवत जातो, आधी कॉर्टेक्स, वर प्रोटीनचा कोट. आतलं पाणी कमी कमी होतं, त्या जागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक अॅसिड भरलं जातं, स्पोरच्या सुक्या वजनाच्या साधारण १० टक्के तेच असतं. डीएनएला छोटी खास प्रोटीन्स चिकटून बसतात. आणि हे सगळं झालं की आई-सेल फुटून मरते, स्पोर बाहेर.

कधी संधी मिळाली तर मॅलकाइट ग्रीनचा स्टेन स्वतः करून बघा. स्लाइडला वाफ देत देत रंग आत घालवावा लागतो कारण एरवी स्पोर रंग घेतच नाही, मग पाण्याने धुतलं की बाकीच्या सेल्समधून हिरवा निघून जातो आणि स्पोरमध्ये अडकून राहतो, वरून सॅफ्रनिन हा दुसरा रंग दिला की गुलाबी काड्या आणि काही काड्यांच्या पोटात एकेक हिरवा मणी असं दिसतं. जो थर रंगाला आत येऊ देत नाही तोच एकदा आत गेलेल्या रंगाला बाहेरही जाऊ देत नाही, संरक्षण म्हणजे काय ते एका स्लाइडवर कळतं.

स्पोर किती वर्षं टिकतो?

दशकानुदशकं टिकतो याबद्दल वाद नाही. त्यापुढचे मोठे दावे जपून घ्यावेत. १९९५ मध्ये कॅनो आणि बोरुकी यांनी अंबरमध्ये (झाडाचा दगड झालेला डिंक) अडकलेल्या मधमाशीच्या पोटातून अडीच ते चार कोटी वर्षांपूर्वीचा स्पोर जिवंत केल्याचं सांगितलं, २००० साली न्यू मेक्सिकोमधल्या मिठाच्या स्फटिकातून २५ कोटी वर्षं जुना बॅक्टेरिया काढल्याचा दावा झाला. दोन्हींवर जोरदार आक्षेप आहेत, की मधे कुठेतरी आजचाच बॅक्टेरिया शिरला असणार, मिठातल्या बॅक्टेरियाचा डीएनए तर आजच्या नातेवाइकांशी फारच जुळतो. मला स्वतःला हे आक्षेप पटतात. स्पोर कितीही पक्का असला तरी त्याच्या आत दुरुस्तीचं काम बंद असतं, डीएनए हळूहळू तुटतच राहतो, आणि एवढं नुकसान साचलं तर जागं झाल्यावर ते निस्तरणार कसं?

म्हणूनच २०१४ मध्ये एक सुंदर प्रयोग सुरू झालाय, काचेच्या सीलबंद बाटल्यांमध्ये बॅसिलस सबटिलिसचे स्पोर आणि क्रूकॉक्सिडिऑप्सिस नावाचे सायनोबॅक्टेरिया (सूर्यप्रकाशावर जगणारे बॅक्टेरिया) सुकवून ठेवलेत, पहिली २४ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर २५ वर्षांनी काही बाटल्या उघडून बघायच्या, २५१४ पर्यंत. सुरू करणाऱ्यांना माहीत आहे की शेवट त्यांना दिसणार नाही.

मग स्पोर न बनवणारे कसे जगतात?

एक म्हणजे मेलेल्यांवर. सेल फुटली की तिच्यातलं प्रोटीन, डीएनए, मेम्ब्रेन सगळं बाहेर पडतं आणि उरलेले ते खातात. त्या चार महिन्यांच्या फ्लास्कमध्ये हेच चाललेलं असतं, शांत दिसतो पण आत कुणी मरतंय, कुणी खातंय, कुणी विभागतंय.

आणि दुसरं म्हणजे ते बदलतात. १९९३ मध्ये कोल्टर यांच्या लॅबने १० दिवस जुनं ई. कोलाय कल्चर आणि एक दिवसाचं ताजं कल्चर एकत्र केलं, जुने अगदी थोडे घातले आणि ताजे भरपूर. वाटतं की थकलेले हरतील. झालं उलटंच, जुन्यांनी पूर्ण फ्लास्क ताब्यात घेतला. त्या दहा दिवसांत त्यांच्यात म्युटेशन, म्हणजे जीनमध्ये बदल, झालं होतं, आणि गंमत म्हणजे ते आरपीओएसमध्येच, वर सांगितलेल्या त्या मुकादमात. मुकादमाचा जोर कमी झाला की बचाव थोडा ढिला पडतो पण मेलेल्यांची अमिनो अॅसिड्स जास्त चांगली खाता येतात, आणि त्या फ्लास्कमध्ये तेच जास्त उपयोगाचं होतं. मग त्यांच्याहून चांगले दुसरे येतात, मग तिसरे. म्हणजे आपण ज्याला शिळं कल्चर म्हणतो त्यात उत्क्रांती जोरात चालू असते.

सगळ्यात जास्त काळ उपाशी राहिलेले कोण?

दक्षिण पॅसिफिक महासागराच्या मधोमध समुद्रतळाखाली. तिथे वरच्या पाण्यातच जीवसृष्टी इतकी विरळ आहे की तळाला गाळ साचायचा वेग दहा लाख वर्षांत एक-दोन मीटर, आणि त्या गाळात खायला जवळपास काहीच नाही. २०१० मध्ये तिथून ड्रिलिंग करून गाळ काढला, सगळ्यात जुना थर १० कोटी १५ लाख वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर होते तेव्हाचा. जपानच्या मोरोनो यांच्या टीमने त्या गाळाला खास ओळखता येणारे कार्बन आणि नायट्रोजन असलेलं अन्न दिलं आणि वाट बघितली. खाल्लं त्यांनी. दोन-सव्वादोन महिन्यांत संख्या हजारो पटींनी वाढली. २०२० मध्ये हे छापून आलं.

आणि लक्षात घ्या, यात बहुतेक स्पोर बनवणारे नव्हतेच. सायबेरियासारख्या गोठलेल्या जमिनीतल्या कामातही, साधारण पाच लाख वर्षांपर्यंतच्या नमुन्यांमध्ये, स्पोरवाल्यांपेक्षा जे अगदी मंद का होईना श्वास चालू ठेवतात त्यांचाच डीएनए जास्त शाबूत मिळाला. मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. पूर्ण झोपलं तर खर्च शून्य पण दुरुस्तीही शून्य, थोडं जागं राहिलं तर खर्च आहे पण मोडतोड सांधता येते. काही दशकं काढायची तर पूर्ण झोप परवडते, लाखो वर्षांसाठी बहुतेक मिणमिणता दिवाच बरा.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये तरी काही जगत नसेल ना?

जगतं. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय, मेलिऑइडोसिस नावाच्या गंभीर आजाराचा जंतू, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये १६ वर्षं जिवंत राहिलाय. स्यूडोमोनास तर अशा पाण्यात नुसता टिकत नाही, वाढतो, हवेतून आणि भांड्याच्या भिंतीवरून येणारे चिमूटभर ऑरगॅनिक रेणू त्याला पुरतात. म्हणून उघडलेली बाटली महिनाभर वापरू नका, पाणी "शुद्ध" असणं आणि "निर्जंतुक" असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्लेटवर कॉलनी आली नाही म्हणजे मेले असंच ना?

नाही! १९८२ मध्ये रिटा कोलवेल यांच्या गटाने दाखवलं की कॉलराचा व्हिब्रिओ आणि ई. कोलाय खाऱ्या पाण्यात राहिले की काही काळाने प्लेटवर येईनासे होतात पण मायक्रोस्कोपखाली बघितलं तर जिवंत असल्याची लक्षणं दाखवतात. जिवंत पण वाढवता न येणारे. पाण्याची टेस्ट नुसत्या प्लेटवर केली तर हे निसटू शकतात. सगळेच परत जागे होतात का, का त्यातले काही हळूहळू मरण्याच्या वाटेवर असतात, यावर अजून खडाजंगी चालू आहे.

उपाशी बॅक्टेरियावर अँटिबायोटिक चालत नाही हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. पेनिसिलिन सेलची भिंत बांधताना घोळ घालतं, आता बांधकामच बंद असेल तर घोळ कशात घालणार? १९४४ मध्ये जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकॉकसवर पेनिसिलिन टाकलं तर साधारण दहा लाखात एखादी सेल उरायची, पण तिची पिल्लं परत पेनिसिलिनने मरायची, म्हणजे ती रेझिस्टंट (औषधाला कायम दाद न देणारी) नव्हती, फक्त निपचित पडून होती. बिगर यांनी अशा सेल्सना परसिस्टर, म्हणजे चिकाटीने टिकून राहणारे, असं नाव दिलं.

टीबीची औषधं सहा महिने घ्यावी लागतात त्यामागचं एक मोठं कारण हेच. जोरात वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, पेशंटला बरं वाटतं, पण सुस्त पडलेले मागे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या जवळपास एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात टीबीचा संसर्ग झालेला आहे आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच आजार होत नाही. त्यामुळे बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता कोर्स मधेच सोडू नका, प्लीज.

सॅनिटायझर किंवा उकळत्या पाण्याने स्पोर मरतात का?

अल्कोहोलने नाही. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलचा (जुलाब करणारा, स्पोर बनवणारा बॅक्टेरिया) पेशंट असेल तर हात साबण-पाण्याने धुवा असं सांगतात ते त्यासाठीच, स्पोर मरत नाहीत पण धुतले जातात. नुसत्या उकळण्यावरही भरवसा नाही, अनेक स्पोर १०० डिग्रीला तग धरतात, म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली १२१ डिग्री आणि निदान १५ मिनिटं.

ऑटोक्लेव्ह नव्हता तेव्हा जॉन टिंडल यांनी १८७७ मध्ये काढलेली युक्ती मला फार आवडते: द्रव गरम करा, साध्या सेल्स मरतील, मग एक दिवस तसाच ठेवा म्हणजे स्पोर अन्न बघून उठतील, आणि उठले की परत गरम करा. असं लागोपाठ तीन दिवस. जागं झालेलं स्पोर हे साध्या सेलइतकंच नाजूक असतं, याचा पुरेपूर फायदा.

एवढा झोपलेला स्पोर उठतो कसा, त्याला बाहेरचं काय कळतं?

त्याच्या आतल्या मेम्ब्रेनवर रिसेप्टर असतात, एल-अॅलनीनसारखं अमिनो अॅसिड तिथे येऊन बसलं की कुलूप उघडतं. २०२२ मध्ये एक फार देखणी गोष्ट समोर आली, स्पोरमध्ये पोटॅशियमचा साठा असतो आणि अन्नाची अगदी छोटी, उठायला न पुरणारी चाहूल लागली की त्यातलं थोडं पोटॅशियम बाहेर सुटतं, परत चाहूल, परत थोडं, आणि एका मर्यादेपुढे गेलं की मग उठायचं. म्हणजे एनर्जी न खर्च करता मोजणी चालू. एकाच चाहुलीवर विश्वास ठेवून उठला आणि अन्न नसलं तर संपला, म्हणून हा सावधपणा. काही तर भरपूर अन्न दिलं तरी उठत नाहीत, सगळे एकदम जागे झाले आणि पुढे दगा झाला तर कुणीतरी मागे असावं लागतं.

फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप असेल तर हे डोळ्यांनी दिसतं. झोपलेला स्पोर लख्ख पांढरा दिसतो, अॅलनीन टाकलं की काही मिनिटांत एकेक ठिपका विझल्यासारखा काळा पडत जातो, कारण डायपिकोलिनिक अॅसिड बाहेर पडून आत पाणी शिरत असतं. तो काळा पडला म्हणजे जागा झाला, आणि तास-दोन तासांनी त्याच जागी कवच फोडून बाहेर येणारी काडी दिसते.